भत्ता संपला, नोकरी नाही, आणि घरात वाद: मुदतवाढीच्या अर्जावर सही करावी का?

एका ताईंचं मोठं पत्र आलंय, त्यातलं मुख्य तेवढं इथे देते.

"माझा दादा ५१ वर्षांचा आहे. एकाच कंपनीत अकाउंट्स बघायचा, कंपनीने तो सगळा विभागच बंद केला. त्याला आता १४ महिने झाले. सरकारचा बेकारी भत्ता मिळत होता तोपर्यंत कसंबसं भागत होतं, पण दोन महिन्यांपूर्वी भत्त्याची मुदत संपली. आता ज्यांना वर्षाच्या वर काम नाहीये त्यांचा भत्ता वाढवून द्या म्हणून एक अर्ज फिरतोय, त्यावर सह्या घेतायत. माझे मिस्टर म्हणतात सही करायची नाही, बसून पैसे मिळाले की माणूस हातपाय हलवत नाही आणि तुझा भाऊच त्याचं उदाहरण आहे. दादा हल्ली दुपारपर्यंत उठत नाही, काही विचारलं की अंगावर येतो. वहिनीच्या पगारात घर चालत नाही म्हणून मी दर महिन्याला थोडे पैसे देते, ते मिस्टरांना नीट माहीत नाहीये. मी सही करू का? आणि दादाशी बोलू तरी कसं?"

ताई, सही करा. हे आधीच सांगून टाकते कारण पुढचं उत्तर लांबणारे आणि तुम्ही वाट बघत बसाल. पण मिस्टरांना खोटं पाडायचं म्हणून करू नका. त्यांचा प्रश्न रास्त आहे, अर्थशास्त्रातली मोठमोठी माणसं त्यावर कित्येक वर्षं भांडतायत, त्यामुळे त्यांना "तुम्हाला माणुसकीच नाही" वगैरे म्हणून गप्प केलंत तर घरातला वाद मिटणार नाही, उलट दादाचं नाव निघालं की पुन्हा तिथूनच सुरू होईल.

तुमच्या पत्रातच एक गोष्ट आहे, ती तुमच्या लक्षात आली नसावी. भत्ता बंद होऊन दोन महिने झाले ना? म्हणजे मिस्टर म्हणतात तसं असतं, पैसे येत होते म्हणून दादा ढिला पडला असता, तर पैसे थांबल्याबरोबर तो सकाळी सहाला उठून बाहेर पडायला हवा होता. तसं तर झालेलं नाहीये, तो दुपारपर्यंत झोपूनच आहे. हे उशिरा उठणं नक्की कधी सुरू झालं ते वहिनींना एकदा शांतपणे विचारा. माझा अंदाज असा की पहिले सहा-आठ महिने माणूस रोज उठून आवरून कॉम्प्युटरसमोर बसत असणार, अर्ज पाठवत असणार, आणि मग कुठेतरी एकामागून एक नकार आले किंवा त्याहून वाईट म्हणजे काहीच उत्तर आलं नाही, आणि तिथून पुढे घसरण लागली.

हे असं का होतं यावर फार जुनं आणि फार बारकाईने केलेलं काम आहे. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएनथाल नावाची एक गिरणी वसाहत होती, सगळं गाव त्या एका कापडगिरणीवर जगत होतं, आणि १९३० च्या सुमारास ती गिरणी बंद पडली. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल या तरुण संशोधकांनी तिथे जाऊन लोक कसे जगतात ते पाहिलं आणि १९३३ साली ते छापलं. सगळ्यांना वाटलं होतं की वेळच वेळ आहे तर लोक वाचतील, सभांना जातील, काहीतरी करतील. झालं उलटंच. गावच्या वाचनालयातून पुस्तकं नेणं जवळपास निम्म्यावर आलं, तेही वर्गणी माफ केलेली असताना! रस्त्यावरून जाणारे पुरुष हळू चालायला लागले, मध्येच थांबायला लागले, दिवसभर काय केलं विचारलं तर सांगता येईना. बायका मात्र भराभर चालत होत्या, कारण घरची कामं काही संपलेली नव्हती. म्हणजे ताई, दुपारपर्यंत झोपणारा दादा आणि पगार आणि घर दोन्ही ओढणारी वहिनी हे काही तुमच्याच घरचं नवल नाहीये.

आणि त्यात अजून एक निरीक्षण होतं जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तिथेही भत्त्याला मुदत होती, आधी बेकारी भत्ता, मग काही आठवडे आणीबाणीची मदत, मग काहीच नाही. ज्या घरात माणशी पैसे जास्त येत होते ती घरं धीर धरून होती, पुढचा विचार करत होती, आणि पैसे जसजसे कमी होत गेले तसतशी घरं आधी गप्प, मग हताश, आणि शेवटी सगळंच सोडून दिलेली अशी होत गेली. पैसा आटला म्हणून माणूस चवताळून कामाला लागला असं तिथे दिसलं नाही. पैशाबरोबर उमेदही आटत गेली.

आता मिस्टरांची बाजू, ती अर्धीमुर्धी सांगायची नाही, नीटच सांगते. भत्ता जास्त दिवस मिळाला तर लोक सरासरीने थोडे जास्त दिवस बेकार राहतात, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, ते नाकारण्यात अर्थ नाही. प्रश्न दोन आहेत, किती जास्त आणि का. किती, याचं एक चांगलं उत्तर अमेरिकेतून मिळतं. तिथे २००८ च्या मंदीत भत्त्याला मुदतवाढ देत देत काही राज्यांत तो एकूण ९९ आठवड्यांपर्यंत नेला होता, म्हणजे जवळजवळ दोन वर्षं, एवढी मुदतवाढ तिथे आधी कधी दिली नव्हती. जेसी रॉथस्टाइन या अर्थतज्ज्ञाने हिशेब केला तर २०११ च्या सुरुवातीला या सगळ्या मुदतवाढीमुळे बेरोजगारीचा दर वाढला तो ०.१ ते ०.५ टक्के बिंदूंच्या मध्ये कुठेतरी, आणि तेव्हा एकूण दर नऊ टक्क्यांच्या आसपास होता. त्यातही निम्मा किंवा जास्त भाग असा की लोकांनी नोकरी शोधायचं सोडलं नाही म्हणून ते बेकारांच्या यादीत मोजले गेले. भत्ता नसता तर ते शोध सोडून घरी बसले असते आणि आकडा सुंदर दिसला असता. मिस्टरांना हा भाग जरूर सांगा, कारण भत्ता चालू राहायला काम शोधत असल्याचं दाखवावं लागतं, अट असते ती, म्हणजे भत्ता माणसाला शोधाशी बांधून ठेवतो.

आणि का, याचं उत्तर राज चेट्टी या अर्थतज्ज्ञांनी २००८ मध्ये दिलं. त्यांनी असं पाहिलं की भत्त्यामुळे जो शोध लांबतो त्यातला साधारण ६० टक्के भाग हा आळसाचा नाहीच, तो हातात चार पैसे असल्याने येतो. ज्याच्या गाठीला काहीच नाही तो मिळेल ते पहिलं काम धरतो, ज्याला दोन महिने ढकलता येतात तो आपल्या कामाला साजेसं बघतो. आता तुम्हीच सांगा, इतकी वर्षं हिशेब सांभाळलेल्या माणसाने दोन महिने थांबून हिशेबाचंच काम शोधलं तर त्यात वाईट काय आहे? त्याचंही भलं, ज्या कंपनीला तो मिळेल तिचंही भलं. हां, वर्षानुवर्षं मनासारखंच हवं म्हणून बसून राहणं वेगळं, पण ते तुमच्या पत्रात मला कुठे दिसलं नाही.

फिनलंडमध्ये तर २०१७ आणि २०१८ अशी दोन वर्षं २,००० बेकार लोकांना महिन्याला ५६० युरो काहीही अट न घालता दिले, काम मिळालं तरी पैसे चालूच. मिस्टरांच्या हिशेबाने ही माणसं बिघडायला हवी होती. त्यांनी बाकीच्यांपेक्षा कमी काम केलं नाही, थोडं जास्तच केलं, आणि मनाने ती जास्त बरी होती. फार मोठा फरक नव्हता, उगाच फुगवून सांगत नाही, पण पैसे दिले की माणूस कामातून उठतो हे त्यातून निघत नाही एवढं नक्की.

मग १४ महिने काम का मिळत नाहीये? इथे एक कटू गोष्ट आहे आणि ती दादाला माहीत असणार, तुम्हाला कदाचित नसेल. घरी बसल्याचे महिने वाढत जातात तसे बोलावणारे कमी होत जातात, उमेदवार तोच असला तरी! क्रॉफ्ट, लांगे आणि नोटोविदिग्दो या तिघा अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या शंभर मोठ्या शहरांत साधारण १२,००० खोटे बायोडेटा ३,००० जाहिरातींना पाठवून बघितलं, शिक्षण अनुभव सारखा, फरक फक्त किती महिने घरी आहे एवढाच. पहिल्या आठ महिन्यांत मुलाखतीला बोलावणं झपाट्याने घटत गेलं. म्हणजे बायोडेटा उघडणारा माणूस शेवटच्या नोकरीची तारीख बघतो आणि पुढचं वाचतच नाही. त्यांना अजून एक दिसलं, जिथे नोकऱ्यांचाच दुष्काळ आहे तिथे हा शिक्का कमी बसतो, कारण मालकालाही कळतं की सगळेच बसलेत. दादाच्या क्षेत्रात मंदी असेल तर अर्जात सरळ एक ओळ लिहायला सांगा, कंपनीने अमुक महिन्यात संपूर्ण विभाग बंद केला. लपवल्यासारखं ठेवलं की वाचणारा वाईटच गृहीत धरतो.

"बसून पैसे" या मिस्टरांच्या शब्दांचंही बघू. बेकारी भत्ता मुळात विमा म्हणून सुरू झाला. ब्रिटनमध्ये १९११ च्या कायद्याने जो आला त्यात कामगार, मालक आणि सरकार तिघंही आठवड्याला वर्गणी भरत होते आणि भत्ता वर्षाला जास्तीत जास्त १५ आठवडे. जर्मनीत आजही कामगार आणि मालक निम्मा निम्मा हप्ता भरतात. अमेरिकेत १९३५ च्या कायद्यापासून तो बहुतेक ठिकाणी मालकावरच्या कराने चालतो. तेव्हा दादाने जो भत्ता घेतला तो त्याच्या इतक्या वर्षांच्या नोकरीवर मिळालेला आहे, कोणी ओंजळीत टाकलेला नाही. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर मुदतवाढीचे पैसे बऱ्याचदा या विम्याच्या गल्ल्यातून येत नाहीत, सरकारी तिजोरीतून येतात, म्हणून "हे कोण भरणार" हा प्रश्न मिस्टरांनी विचारला तर तो बरोबरच आहे. माझं म्हणणं एवढंच की विम्याची मुदत ठरवली ती साधारण काळ डोळ्यासमोर ठेवून, चार-सहा महिन्यांत माणसाला दुसरं काम मिळतं हे धरून. काळच साधारण नसेल तर तीच मुदत धरून बसण्यात काय शहाणपण आहे?

आणि हे काही देशांनी कायद्यातच बसवून टाकलंय. कॅनडात तुमच्या भागातला बेरोजगारीचा दर किती आणि तुम्ही किती तास काम केलं होतं यावर भत्ता १४ आठवड्यांपासून ४५ आठवड्यांपर्यंत कितीही असू शकतो. फ्रान्सने २०२३ पासून उलट बाजूने केलं, बाजार चांगला असताना नव्या लोकांची मुदत २५ टक्क्यांनी कमी, आणि बेरोजगारी ९ टक्क्यांच्या वर गेली की पुन्हा पूर्ण. मला फ्रान्सची कपात जरा कठोर वाटते, पण त्यामागचा विचार पटतो, भत्त्याची लांबी कॅलेंडरवरून ठरवू नका, बाहेर काम आहे की नाही त्यावरून ठरवा. अमेरिकेतही १९७० पासून असा कायदा आहे, एरवी बहुतेक राज्यांत २६ आठवडे आणि राज्यातला दर ठरलेल्या रेषेच्या वर गेला की अजून १३. पण ती रेषा अशी आखलीये की खऱ्या मंदीत ते पुरत नाही आणि मग दरवेळी संसदेत नव्याने भांडण, नव्याने तारीख, आणि ज्यांच्या घरी चूल त्यावर अवलंबून आहे ते टीव्हीसमोर बसून मतदानाकडे डोळे लावून. २००८ ची मुदतवाढ शेवटी २८ डिसेंबर २०१३ ला संपली आणि एका फटक्यात साधारण १३ लाख लोकांचा भत्ता थांबला, भर नाताळच्या आठवड्यात. काही अर्थतज्ज्ञांनी नंतर म्हटलं की २०१४ मध्ये नोकऱ्या वाढल्या त्या यामुळेच, दुसऱ्यांना ते पटलं नाही, तो वाद चालूच आहे. पण एका दिवसात तेरा लाख घरांचा आधार काढायची ही रीत मला कोणत्याच बाजूने योग्य वाटत नाही.

पैसे थांबले की घरात काय होतं तेही मोजलेलं आहे. पीटर गॅनोंग आणि पास्कल नोएल या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या बँकेच्या खात्यांवरून बघितलं तर भत्ता संपला त्या महिन्यात घरखर्च साधारण १२ टक्क्यांनी कोसळतो, आणि तारीख सगळ्यांना आधीपासून माहीत असूनही. लोक म्हणतात की माहीत होतं तर आधीपासून शिल्लक टाकायची होती. पगाराच्या अर्ध्या रकमेत भाडं, हप्ता, शाळा, औषधं भागवणाऱ्याने शिल्लक कुठून टाकायची?

आता पैशाचं, म्हणजे तुम्ही जे गुपचूप देताय ते. मिस्टरांना सांगा, याच आठवड्यात. रक्कम चुकीची आहे म्हणून नाही, पण ज्या दिवशी ते दुसरीकडून कळेल त्या दिवशी सगळा राग दादावर निघेल, आणि तुमच्या सगळ्या म्हणण्याचं वजन जाईल. सांगताना आकडा आणि मुदत दोन्ही सांगा, इतके पैसे, इतके महिने, मग पुन्हा बसून ठरवू. दादालाही तसंच सांगा. दर महिन्याला हात पुढे करावा लागणं आणि सहा महिन्यांचं एकदाच ठरलेलं असणं यात घेणाऱ्यासाठी फार फरक आहे. मुदतवाढीचं मी जे वर म्हणतेय तेच हे घरातलं आहे.

इथे एक सावधगिरी. विम्याचा भत्ता संपल्यावर बऱ्याच देशांत दुसरी एक मदत असते, ती घरची परिस्थिती बघून मिळते, आणि तिच्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो, आपोआप सुरू होत नाही. दादाने तो केलाय का हे विचारा, फार लोक करतच नाहीत. पण त्या मदतीत घरातल्या बाकीच्यांची मिळकत आणि कधीकधी नातेवाइकांकडून येणारे पैसेही धरतात, तेव्हा तुमची रक्कम सांगायची की नाही, कशी सांगायची, हे ऑफिसात विचारून घ्या, दडवू नका. या घरच्या चौकशीचा इतिहास वाईट आहे. ब्रिटनमध्ये १९३१ साली दीर्घकाळ बेकार असलेल्यांसाठी ती लावली तेव्हा माणसं घरात येऊन सामान बघायची, मुलगा-मुलगी कमवत असेल तर बापाचा भत्ता तेवढा कापायची, आणि मग बापाचं कापलं जाऊ नये म्हणून कमावती मुलं घर सोडून दुसरीकडे राहायला जायची. लोकांच्या मनात ते इतकं खोल बसलं की दहा वर्षांनी ती पद्धत मोडावी लागली. दादाला त्या खिडकीपाशी उभं राहायची लाज वाटत असेल तर त्याला नावं ठेवू नका, सोबत जा.

ऑफिसची कामं अजून दोन-तीन आहेत, पटापट सांगते. भत्ता बंद झाल्याचं शेवटचं पत्र शोधा आणि त्यात कारण काय लिहिलंय ते नीट वाचा, मुदत संपली आणि अपात्र ठरवलं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कधी एखाद्या तारखेला हजेरी लावली नाही किंवा फॉर्म उशिरा गेला म्हणून बंद करतात आणि माणूस समजतो मुदत संपली. अपात्र ठरवलं असेल तर अपील करता येतं पण त्याला दिवस मोजून असतात, आणि दोन महिने तर गेलेतच, म्हणून हे उद्याच बघा. छोटंमोठं काम, चार तासांचं, तात्पुरतं, मिळत असेल तर दादाने ते सोडू नये, बऱ्याच ठिकाणी त्यातली थोडी कमाई सोडून बाकीचीच भत्त्यातून वजा करतात, फक्त कळवायचं आधी. मुदतवाढ मंजूर झालीच तर ज्यांचा भत्ता आधी संपलाय त्यांना ती लागू होणार का आणि नव्याने नाव नोंदवायचं का हेही विचारून ठेवा. कुठे कुठे अर्ज केले त्याची तारखेसकट वही ठेवायला सांगा, तेव्हा तीच कामाला येते. आणि कर्जाचा हप्ता चुकणार असं दिसत असेल तर चुकायच्या आधी बँकेत जाऊन बोला, चुकल्यावर गेलात तर ऐकून घेणारा माणूसच वेगळा असतो.

दादाशी बोलायचं. "काही झालं का?" हे विचारणं आजपासून बंद करा. तुम्ही काळजीने विचारता, मला कळतंय, पण त्याला ते दर वेळी "अजून नाही ना झालं" असंच ऐकू येतं, म्हणून तो अंगावर येतो. काही झालं असतं तर तो स्वतःच धावत सांगायला आला असता. त्याऐवजी आठवड्यातला एक दिवस ठरवा, त्या दिवशी अर्धा तास नोकरीबद्दल बोलायचं, बाकी सहा दिवस त्याच्याशी माणसासारखं बोलायचं, मुलांचं, क्रिकेटचं, तुमच्या लहानपणीचं काहीही. आणि त्याच्याकडून मदत मागा, खरी मदत. उगाच गुंतवून ठेवायला काढलेली कामं माणसाला लगेच कळतात आणि जास्त लागतात. तो हिशेबातला माणूस आहे, तुमच्या घरचं करभरणीचं, विम्याचं काही अडलेलं असेल तर खरंच त्याच्याकडून करून घ्या. ओळखीतल्या एखाद्या छोट्या धंद्याला किंवा संस्थेला महिन्यातून दोन दिवस हिशेब लिहून हवे असतील तर ते बघा, पैसे कमी मिळाले तरी बायोडेटावरची शेवटची तारीख पुढे सरकते, आणि वर सांगितलं तसं ती तारीखच नडतेय.

झोपेचं मात्र हलक्यात घेऊ नका. दुपारपर्यंत झोपणं, चिडणं, याबरोबर जेवण तुटलंय का, माणसं टाळतोय का, "मी तुमच्यावर ओझं झालोय" असं काही बोलतो का, हे वहिनींना विचारा. यातलं काही असेल तर डॉक्टरकडे न्यायचं, आणि शेवटचं वाक्य त्याच्या तोंडून आलं असेल तर त्याच दिवशी न्यायचं, त्याला एकटं ठेवायचं नाही, नोकरीचं नंतर बघता येईल. वहिनींचीही विचारपूस करा ताई, तुमच्या पत्रात त्यांच्यासाठी एकच ओळ आहे आणि सगळं घर त्यांच्यावर उभं आहे.

आता अर्ज. नुसतं "भत्ता वाढवा" एवढंच लिहिलेलं असेल तर सही करताना खाली दोन-तीन गोष्टी जोडायला सुचवा, सह्या घेणारे ऐकतात बहुतेक. एक म्हणजे मुदतवाढ बेरोजगारीच्या दराशी जोडा, दर वाढला की आपोआप मिळेल आणि दर उतरला की टप्प्याटप्प्याने कमी होईल, एका तारखेला धाडकन नको. मिस्टरांच्या शंकेलाही हेच उत्तर आहे, कारण काम उपलब्ध असताना कायमचं बसून खायची सोय यात नाहीच. दुसरं, मुदतवाढीच्या काळात थोडंफार काम केलं तर भत्ता पूर्ण कापू नका. आणि तिसरं, ज्यांना वर्ष उलटलंय त्यांना नुसते पैसे देऊन थांबू नका, काम द्या. हे स्वप्नरंजन नाहीये. ज्या मारिएनथालचं मी वर सांगितलं तो भाग आज ग्रामाटनॉयझीडल नावाच्या गावात येतो, आणि तिथेच ऑक्टोबर २०२० पासून सरकारी रोजगार सेवेने एक प्रयोग केला, वर्षभर बेकार असलेल्या गावातल्या प्रत्येकाला आधी दोन महिने तयारी आणि मग पगारी काम, ज्याला हवं त्याला, सक्ती नाही. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी तो तपासला तर गावातली दीर्घकाळची बेकारी जवळजवळ नाहीशी झाली होती, आणि लोकांचं नुसतं उत्पन्न नाही तर दिवसाला लागलेलं वळण, माणसांत मिसळणं हेही परत आलं होतं.

सही तुमच्या नावाने करा. अर्जात उदाहरण म्हणून दादाची हकिकत लिहा असं कोणी म्हणालं तर आधी त्याला विचारा, तो नको म्हणाला तर नाही लिहायची. हो म्हणाला तर त्यालाच लिहू दे.